साहित्याची पदवी आणि उपजीविका: मद्रासचा दाखला

साहित्य हा विषय घेऊन पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरी, नात्यात आणि मुलाखतीच्या खोलीत सारख्याच आग्रहाने विचारला जातो. त्याची दोन उत्तरे ठरून गेलेली आहेत. अध्यापन, पत्रकारिता, भाषांतर, जाहिरात, प्रशासन अशी व्यवसायांची यादी पुढे करणे, हे एक उत्तर. साहित्य माणसाला माणूस बनविते, त्याचा हिशेब पोटाशी मांडणे हीच मुळात हीन दृष्टी होय, हे दुसरे. पहिल्या उत्तरात साहित्य उरत नाही आणि दुसऱ्यात विद्यार्थी उरत नाही. या दोहोंच्या मध्ये एक ऐतिहासिक प्रश्न आहे, त्याकडे समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. विद्यापीठात साहित्याचा अभ्यास आला तो कोणत्या अपेक्षेने, त्या अपेक्षेचे काय झाले आणि तिचा वाङ्मयावर काय परिणाम झाला, हा तो प्रश्न होय. त्याच्या विचारासाठी मद्रास, म्हणजे १९९६ पासूनचे चेन्नई, हे शहर विशेष सोयीचे आहे. या प्रश्नाच्या साऱ्या अवस्था तेथे एकापुढे एक स्पष्ट दिसतात. आणि तंजावरच्या भोसल्यांचे राज्य ज्या मुलखात नांदले, तो मुलूख मराठी वाचकाला सर्वस्वी परका नाही.

१

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. त्यांच्या पहिल्या पदवीधरांकडे एकत्र पाहिल्यास एक लक्षणीय गोष्ट आढळते. कलकत्त्याच्या पहिल्या दोन पदवीधरांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले आणि कादंबरीकारही झाले. मुंबईच्या १८६२ च्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. एक न्यायासनावर गेले, दुसरे संस्कृतच्या अध्यापनात. मद्रासच्या पहिल्या दोन पदवीधरांपैकी सी. वै. दामोदरम् पिळ्ळै हे मूळचे जाफन्याचे. त्यांनी शिक्षकी केली, सरकारी हिशेबखात्यात नोकरी केली, कायद्याची परीक्षा देऊन कुंभकोणमला वकिली केली आणि पुढे पुदुकोट्टै संस्थानात न्यायाधीशपद भूषविले. हे सारे सांभाळून त्यांनी ‘तोल्काप्पियम्’ आणि ‘कलित्तोगै’ या प्राचीन तमिळ ग्रंथांची संपादने छापून काढली.

या सर्वांची उपजीविका एका ठिकाणी होती आणि वाङ्मयसेवा बहुधा दुसऱ्या ठिकाणी. भांडारकर हाच काय तो अपवाद. आणि त्यांचा विषय संस्कृत होता, हेही ध्यानात ठेवावयास हवे. पदवीने नोकरी दिली यात शंका नाही. परंतु ती साहित्याने दिली असे म्हणता येत नाही. इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम देण्याचे धोरण हार्डिंगच्या कारकीर्दीत १८४४ साली जाहीर झाले होते. राज्यकर्त्यांची भाषा शुद्ध लिहिता येणे, तीत युक्तिवाद करता येणे, या कौशल्याला बाजारात किंमत होती. शेक्सपिअर आणि मिल्टन हे त्या कौशल्याची परीक्षा घेण्याचे साधन होते. तंजावरी मराठी घराण्यात कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल यांच्या हाताखाली शिकले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. इंग्रजी विद्येने काय साधते याचे उदाहरण म्हणून एका पिढीने त्यांच्याकडे पाहिले. मात्र त्या पिढीला हव्या असलेल्या विद्येत काव्याचा वाटा किती होता, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कारण तो विचारण्याची गरजच नव्हती.

गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, इंग्रजी साहित्य हा शिक्षणाचा विषय म्हणून इंग्लंडमध्ये स्थिरावण्यापूर्वीच हिंदुस्थानात रुजला होता. ऑक्सफर्डला इंग्रजीची स्वतंत्र शाखा आली ती १८९४ मध्ये. म्हणजे ‘साहित्याचा पदवीधर’ ही कल्पना प्रथम साम्राज्याच्या कारभाराच्या सावलीत वाढली. यामुळे तिला कमीपणा येतो असे नाही; अनेक चांगली झाडे दुसऱ्याच हेतूने लावलेली असतात. परंतु तिच्या मुळाशी असलेली एक गफलत यातून उघड होते. साहित्याला भाव आहे असे ज्या काळात वाटले, त्या काळात भाव भाषेला होता.

या गफलतीची दुसरी बाजू देशी भाषांना सोसावी लागली. ज्या भाषेत नोकरी नव्हती, त्या भाषेच्या साहित्याला विद्यापीठात दुय्यम आसन मिळाले. मद्रास विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून तमिळ वगळण्याचा विचार १९०२ मध्ये पुढे आला, तेव्हा मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील व्ही. जी. सूर्यनारायण शास्त्री, म्हणजे ‘परितिमार कलैञर’, यांनी त्याला कसून विरोध केला. तत्त्वज्ञानाचा पदवीधर असूनही त्यांनी तमिळचे अध्यापन पत्करले होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले, ही घटना त्याच सुमाराची. दोन्ही ठिकाणी झगडा एकच होता आणि दोन्ही ठिकाणी विरुद्ध पक्षाचे म्हणणेही एकच होते: या भाषेतील साहित्य शिकून करावयाचे काय?

२

या प्रश्नाला मद्रास इलाख्यात जे सर्वांत मोठे उत्तर मिळाले, ते एका पदवी नसलेल्या माणसाकडून मिळाले. उ. वे. स्वामीनाथ अय्यर (१८५५–१९४२) हे महाविद्वान मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांचे शिष्य. मठाच्या आश्रयाने, गुरूच्या घरी राहून त्यांनी तमिळ विद्या संपादन केली आणि १८८० मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांची सेलम रामस्वामी मुदलियार या मुन्सफांशी भेट झाली. या भेटीचे त्यांच्या आत्मचरित्रातील वर्णन भारतीय वाङ्मयेतिहासातील एक महत्त्वाचा प्रसंग म्हणून वाचण्याजोगे आहे.

मुन्सफांनी विचारले, काय काय वाचले आहे? तरुण पंडिताने अंतादी, उला, कोवै, पिळ्ळैत्तमिळ अशा प्रबंधप्रकारांतील आपण पाठ केलेल्या रचनांची नावे मोजण्यास आरंभ केला. यादी वाढत चालली, तरी ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर समाधान उमटेना. अखेर त्यांनी विचारले की, याहून जुने ग्रंथ पाहिले आहेत काय, ‘जीवकचिंतामणि’ वाचला आहे काय. पंडिताने तो ग्रंथ पाहिलाही नव्हता.

या प्रसंगाचे मर्म असे की, येथे दोन शिक्षणपद्धती समोरासमोर उभ्या आहेत आणि प्रत्येकीजवळ नेमके तेच आहे जे दुसरीजवळ नाही. पंडिताजवळ पाठांतर, छंदाचे ज्ञान आणि शब्दाशी आयुष्यभराची सलगी आहे. परंतु परंपरेने त्याच्या वाचनाला कुंपण घातले आहे. ‘चिंतामणि’ हे जैन काव्य. शैव मठाच्या अभ्यासात त्याला जागा कोठून असणार? उलट, मुन्सफाजवळ ते काव्य उलगडण्याची विद्या नाही. परंतु नव्या शिक्षणाने एक जिज्ञासा त्याच्यात रुजविली आहे. जुने काय होते, सर्वांत जुने काय होते, ते मुळात कसे होते, हे प्रश्न ऐतिहासिक दृष्टीचे आहेत आणि ती दृष्टी इंग्रजी कॉलेजांतून आली होती. मुन्सफाचे पोट न्यायासनावर भरत होते. साहित्याने त्याला कोणतीही बढती मिळणार नव्हती. तरीही त्याच्या एका प्रश्नाने तमिळ साहित्याचा कालपट हजार-दीड हजार वर्षांनी मागे गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. स्वामीनाथ अय्यर कुंभकोणमच्या जैन घरांत जाऊन त्या काव्याचे अर्थ शिकले, गावोगावच्या ताडपत्रांच्या पोथ्या त्यांनी धुंडाळल्या, वर्गणीदार मिळविले आणि १८८७ मध्ये ‘चिंतामणि’ छापून काढला. त्यामागोमाग ‘शिलप्पदिकारम्’ १८९२ मध्ये, ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये, ‘मणिमेखलै’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. मद्रास विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९३२ मध्ये. परीक्षेच्या खोलीत कधी न बसलेल्या माणसाचा पुतळा आज त्या कॉलेजाच्या आवारात समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

मराठी वाचकाला येथे वि. का. राजवाडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. राजवाडे डेक्कन कॉलेजचे पदवीधर. पदवीने त्यांना शाळेतील नोकरी दिली. ती त्यांनी टिकविली नाही. दप्तरांच्या आणि पोथ्यांच्या शोधात ते गावोगाव हिंडले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडांमागून खंड त्यांनी काढली आणि १९०९ मध्ये जुन्या पोथीच्या आधाराने ‘ज्ञानेश्वरी’ची आवृत्ती सिद्ध केली. एकाला पदवी नव्हती पण पगार होता; दुसऱ्याला पदवी होती पण पगार नव्हता. दोघांच्या कामाची जात मात्र एकच. तेव्हा पदवी, पगार आणि वाङ्मयीन कार्य या तीन गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या असतात, ही समजूत आरंभीच बाजूला ठेवावयास हवी.

३

साहित्याच्या शिक्षणातून नोकरीबाहेरचा व्यवसाय प्रथम निर्माण झाला तो वृत्तपत्रांचा. १८७८ च्या सप्टेंबरात ‘द हिंदू’ हे साप्ताहिक काढणारे सहा तरुण ट्रिप्लिकेन लिटररी सोसायटीचे सभासद होते. त्यांत जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि वीरराघवाचारियर हे शिक्षक. उरलेले चौघे कायद्याचे विद्यार्थी. पहिल्या अंकाच्या अवघ्या ८० प्रती निघाल्या. सुब्रह्मण्य अय्यरांनी पुढे १८८२ मध्ये ‘स्वदेशमित्रन्’ हे तमिळ पत्र काढले. पुण्यात याच काळात विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिकवीत ‘निबंधमाला’ चालवीत होते. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला. या दोन घटना एकमेकींचे अनुकरण नव्हेत. वर्गात निबंध लिहून घेता घेता काही शिक्षकांना असे आढळून आले की, निबंध हे परीक्षेचे साधन आहे तसे ते लोकमताचेही साधन आहे. साहित्याच्या अभ्यासाने जी भाषा कारकून घडविण्यासाठी शिकविली, तीच भाषा कारभाराला जाब विचारू लागली. साहित्याच्या पदवीची ही पहिली खरी कमाई होय. आणि ती व्यवसाय-मार्गदर्शनाच्या कोणत्याही पुस्तिकेने सुचविलेली नव्हती.

४

विसाव्या शतकात नोकऱ्यांचे दार अरुंद होत गेले आणि साहित्याच्या पदवीधराला मुख्यतः एकच वाट उरली: साहित्य शिकविण्याची. साहित्याचा विद्यार्थी साहित्याचा अध्यापक होतो आणि साहित्याचे विद्यार्थी तयार करतो, असे हे वर्तुळ. या वर्तुळाचे वाङ्मयीन चित्र मद्रासला जन्मलेल्या (१९०६) आर. के. नारायण यांनी काढले आहे.

नारायण यांनी ‘माय डेज’ (१९७४) या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. एम. ए. ला साहित्य घ्यावे म्हणून ते अर्ज घेऊन निघाले असता वाटेत एका मित्राने त्यांना परत फिरविले. साहित्याची गोडी घालवावयाची असेल तर याहून खात्रीचा उपाय नाही, असे त्याचे म्हणणे पडले. नारायण यांची शिक्षकाची नोकरी काही दिवसांतच संपली. पुढे ‘जस्टिस’ या मद्रासच्या पत्राचे म्हैसूरचे बातमीदार म्हणून त्यांनी काही काळ काम केले. ‘द बॅचलर ऑफ आर्ट्‌स’ (१९३७) मधील चंद्रन पदवीनंतर भटकतो, संन्याशाचा वेष घेतो आणि अखेर मद्रासच्या एका दैनिकाची मालगुडीतील एजन्सी घेऊन स्थिरावतो. विद्येने नव्हे, वर्गणीदार गोळा करण्याच्या खटपटीने त्याच्या आयुष्याला आकार येतो. नारायण या गोष्टीचा उपहास करीत नाहीत आणि गौरवही करीत नाहीत. उपजीविका ही उपजीविका म्हणून जितकी आदरणीय असते, तितकाच आदर ते तिला देतात.

‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) मध्ये हाच प्रश्न आतून विचारलेला आहे. कृष्णन ज्या कॉलेजात शिकला, तेथेच शिकवितो आणि वसतिगृहातच राहतो. वर्तुळ येथे अक्षरशः पूर्ण झाले आहे. एका विद्यार्थ्याने एका इंग्रजी शब्दातील एक अक्षर गाळले म्हणून प्राचार्य अध्यापकांची सभा भरवितात. हा प्रसंग विनोदी आहे, परंतु त्याचा रोख खोल आहे. ज्या भाषेची किंमत नोकरीच्या दारापाशी ठरली, तिच्या एका अक्षराचीही चूक अपराध वाटावी, यात नवल ते काय? तथापि नारायण येथेच थांबत नाहीत. कृष्णन वर्गात ‘किंग लिअर’ वाचावयास घेतो. टिपणे बाजूला राहतात आणि वादळाच्या प्रसंगात तो स्वतःच हरवून जातो. म्हणजे जे शिकविले जाते त्यात जीव आहे, शिकविण्याच्या व्यवस्थेत नाही, हे कादंबरी एकाच वर्गात दाखविते. पत्नीच्या मृत्यूनंतर कृष्णन राजीनामा लिहावयास बसतो, तेव्हा प्रथम तो शिक्षणपद्धतीवर मोठा हल्ला चढवितो. मग ते सारे पूर्वीच कोणीतरी म्हटलेले आहे हे जाणवून तो मसुदा रद्द करतो आणि साधे पत्र लिहितो. टीकेची भाषाही उसनी असू शकते, ही जाण त्याला साहित्याच्याच अभ्यासाने दिलेली आहे. लहान मुलांच्या शाळेत अल्प वेतनावर काम करण्याचा त्याचा निर्णय भाबडा वाटण्याचा संभव आहे. परंतु या जाणिवेमुळे तो भाबडेपणाच्या पलीकडे जातो.

भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील हा कृष्णनचा मराठी भाऊबंद होय. ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांतून तो गावोगावच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवीत हिंडतो. परंतु कृष्णनपुढे जो प्रश्न नव्हता तो चांगदेवपुढे आहे: संस्थाचालक, जात, गटबाजी यांच्यात नोकरी टिकवावयाची कशी, आणि ती टिकवून वाचक म्हणून जिवंत राहावयाचे कसे. नारायण यांच्या जगात राजीनामा देता येतो. नेमाड्यांच्या जगात राजीनाम्यानंतरही दुसऱ्या गावी तेच कॉलेज भेटते. १९४५ ते १९७९ या काळात साहित्याच्या अध्यापकाची नोकरी कशी पालटली, हे या दोन चित्रांइतके स्पष्ट कोणत्याही आयोगाच्या अहवालात सापडणार नाही.

५

विद्यापीठाबाहेर काय घडत होते? पुदुमैप्पित्तन हे पदवीधर. मद्रासला येऊन वृत्तपत्रांत राबले, ‘मणिक्कोडि’च्या काळात तमिळ कथेला त्यांनी नवे वळण दिले आणि १९४८ मध्ये अकाली गेले. चि. सु. चेल्लप्पा यांनी १९५९ मध्ये ‘एळुत्तु’ हे नियतकालिक मद्रासहून काढले. आधुनिक तमिळ समीक्षेचा आणि नवकवितेचा पाया तेथे घातला गेला. आपली पुस्तके पिशवीत घालून चेल्लप्पा कॉलेजाकॉलेजांत विकावयास जात. समीक्षा कॉलेजात जन्मली नाही, ती कॉलेजाच्या दारात विकावयास आली, हे चित्र अंतर्मुख करणारे आहे.

यावरून विद्यापीठ वाङ्मयाला निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. मद्रास विद्यापीठाने ‘तमिळ लेक्सिकन’ सिद्ध केला. १९२४ ते १९३६ या काळात त्याचे सहा खंड निघाले, १९३९ मध्ये पुरवणी आली. एक लाखाहून अधिक शब्दांची त्यात नोंद आहे. त्याचे संपादक एस. वैयापुरी पिळ्ळै हे मुळचे वकील. विद्यापीठाने वकिलाला कोशकार बनविले. आणि हे काम कोणत्याही एकट्या चेल्लप्पाच्या आवाक्यातले नव्हते. दोन्ही उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे भेद कळून येतो. विद्यापीठाने जेथे केवळ परीक्षा ठेवली, तेथे साहित्याच्या अभ्यासकाच्या पदरी उत्तरपत्रिका पडल्या. जेथे त्याने काम ठेवले, मग तो कोश असो, पाठसंपादन असो वा सूची असो, तेथे विद्या आणि उपजीविका काही काळ तरी एका घरात नांदल्या.

भाषांतराच्या क्षेत्रात हाच अनुभव अलीकडे आला. लक्ष्मी होल्मस्ट्रॉम (१९३५–२०१६) या मद्रास विद्यापीठाच्या इंग्रजीच्या पदवीधर. ऑक्सफर्डला त्यांनी नारायण यांच्यावर संशोधन केले. पुढे मात्र त्या तमिळकडे वळल्या आणि बामा यांचे ‘करुक्कु’ त्यांनी इंग्रजीत आणले. इंग्रजीच्या पदवीने जी वाट भाषेपासून दूर नेली असे वाटत होते, तीच वाट उलट दिशेने चालून जाता येते, हे या उदाहरणाने दिसते. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या चेन्नईच्या ‘क्रिआ’ प्रकाशनाने आधुनिक तमिळचा कोश १९९२ मध्ये काढला, तोही विद्यापीठाबाहेरच. पूर्वी विद्यापीठ जे काम देत होते, ते आता एखादे लहान प्रकाशनगृह देऊ लागले आहे.

६

या सर्व विवेचनाचा मराठीशी संबंध केवळ तुलनेचा नाही. तंजावरच्या सरस्वती महालात आणि चेन्नईच्या सरकारी प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत. तंजावरच्या मोडी कागदपत्रांचा साठा मोठा आहे. मराठी नाटकाचा आरंभ सांगलीच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मोजण्याची रूढी आहे, परंतु तंजावरच्या शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) दरबारी त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे मराठीत नाटके रचली गेली. त्यांचा पुरता अभ्यास करण्यासाठी मोडी वाचता येणारा, जुनी मराठी जाणणारा, तमिळ-तेलुगूच्या नाट्यपरंपरेची ओळख असलेला अभ्यासक हवा. यांपैकी एकेक गुण असलेली माणसे सापडतील; सारे गुण एकत्र यावेत अशी रचना मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सहसा आढळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो २००४ मध्ये मिळाला होता आणि त्यामागोमाग चेन्नईला अभिजात तमिळची केंद्रीय संस्था उभी राहिली. दर्जाबरोबर निधी येतो, जागा येतात. जागा आल्या की त्या भरण्यासाठी अर्ज येतात. परंतु अर्जदाराला कोणी रामस्वामी मुदलियार विचारणार आहे काय, की याहून जुने काय वाचले आहे?

साहित्याच्या विद्यार्थ्याला उपजीविका हवी, ही मागणी न्याय्य आहे. तिला हीन लेखणारे बहुधा स्वतः पगार घेत असतात. मात्र नोकऱ्यांची यादी लांबविल्याने ती पुरी होत नाही. मद्रासच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासावरून एवढे म्हणता येते की, साहित्याच्या अभ्यासाला जेव्हा दुसऱ्या कशाचे तरी प्रवेशपत्र म्हणून वापरले गेले, तेव्हा ते प्रवेशपत्र काही वर्षांत जुने झाले. जेव्हा त्याच्यापुढे त्याचे स्वतःचे काम ठेवले गेले, म्हणजे पोथी लावणे, शब्द नोंदविणे, एका भाषेतले दुसरीत आणणे, कारभाराला जाब विचारणारे गद्य लिहिणे, तेव्हा पगार कधी मिळाला, कधी मिळाला नाही. पण काम राहिले. तंजावरच्या पोथ्यांपुढे बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला दोन वर्षांची शिष्यवृत्ती आणि मोडीचा एक शिक्षक देणे हे कोणत्याही विद्यापीठाला परवडण्याजोगे आहे. ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची सुरुवात तेथून करता येईल.